भाग १४ : पुशरॉडची लांबी – अंदाज नको, माप हवे



मागच्या भागात आपण अ‍ॅम्बॅसेडरचे सिलिंडर हेड खोलले, त्याचा फेस काढून घेतला आणि व्हॉल्व्ह बसवले. त्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो की हेड परत चढवायची घाई करू नका, आधी एक माप घ्यायचे आहे. आज त्या मापाबद्दल बोलू. विषय छोटा दिसतो, पण या एका मापाच्या बाबतीत मी स्वतः मार खाल्लेला आहे आणि तोही दुसऱ्याच्या गाडीवर. त्यामुळे आज थोडे सविस्तर बोलणार आहे.

आधी ज्यांनी कधी पुशरॉड पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली. तिच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असते, त्यामुळे पुशरॉडची गरजच नाही. त्यानंतरच्या बहुतेक गाड्या याच पद्धतीच्या. आज पस्तिशीतला चांगला मेकॅनिकसुद्धा कधीकधी पुशरॉड हातात धरून "हे काय सर?" असे विचारतो. यात त्याची चूक नाही. पण त्याआधी आपल्या रस्त्यांवर धावणारी अ‍ॅम्बॅसेडर, फियाट म्हणजे नंतरची पद्मिनी, आमच्या फौजेतली जोंगा आणि बुलेट मोटारसायकल, ही सगळी मंडळी पुशरॉडवालीच.

काम सोपे आहे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते. सी-सॉचा खेळ आहे. पुशरॉड म्हणजे खालच्या मजल्यावरचा हुकूम वरच्या मजल्यावर पोचवणारा शिपाई. शिपाई उंचीने कमी-जास्त झाला तर हुकूम वेडावाकडा पोचतो.

गाडी कोणाची आणि चूक कोणाची

मी ईएमई कोअरमधला. निवृत्तीनंतर लखनौला राहिलो. माझ्याबरोबर बरीच वर्षे काम केलेले एक सुभेदार साहेब, मूळ सातारा जिल्ह्यातले, तेही नोकरीच्या शेवटी इथेच स्थायिक झाले. त्यांनी लिलावातून एक जुनी अ‍ॅम्बॅसेडर घेतली होती. रविवारी सकाळी ती पुसत बसायची हा त्यांचा नेम. "साहेब, हिला एकदा जवान करायची आहे," असे ते मला दर भेटीत सांगायचे. मीही दर वेळी हो म्हणायचो. ते गेले, गाडी तशीच अंगणात राहिली. वर्षभराने त्यांचा मुलगा आला. म्हणाला, "सर, बाबांची गाडी बांधायची आहे. नुसती चालू नको, पळाली पाहिजे."

आता अ‍ॅम्बॅसेडर आणि पळणे हे शब्द एकत्र ऐकून हसू नका. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज इंजिन. हेच इंजिन १९५५ साली इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसले. सिलिंडरचा व्यास तोच ७३ मिलिमीटर, स्ट्रोक तोच ८८.९. आपल्याकडे साहेबांची सरकारी गाडी ओढताना ते पन्नासच्या आसपास अश्वशक्ती द्यायचे, तिकडे दोन कार्बोरेटर, वेगळे हेड आणि जास्त कॉम्प्रेशनवर ७२ पर्यंत जायचे. म्हणजे जीव इंजिनात आहे, काढून घेता आला पाहिजे.

तो काढायचा नेहमीचा मार्ग आम्ही धरला. हेडमधून दीड मिलिमीटर फेस काढला, म्हणजे ज्वलनाची जागा लहान होऊन कॉम्प्रेशन वाढले. लाटूश रोडवरच्या मशीनवाल्याकडून ब्लॉकचा माथा सरळ करून घेतला, त्यात ०.२ मिलिमीटर गेले. कॅमशाफ्ट जास्त लिफ्टसाठी पुन्हा ग्राइंड करून घेतले. शिसेविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या. व्हॉल्व्हला थोड्या ताठ स्प्रिंगा घातल्या.

सगळे जोडले आणि टॅपेट सेट करायला बसलो तर रॉकरचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण वर घेऊनही क्लिअरन्स मिळेना. साहजिक होते. हेड दीड मिलिमीटर खाली आले, पुशरॉड मात्र तेवढेच लांब. तेव्हा मी काय केले? जुना वर्कशॉपी उपाय. हेडमधून दीड काढले ना, मग रॉकर शाफ्टच्या ब्रॅकेटखाली दीड मिलिमीटरच्या पट्ट्या घाला. दीड वजा, दीड अधिक, हिशेब पूर्ण. क्लिअरन्स छान आला. गाडी सुरू झाली, आवाज गोड. मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही बांधलंय म्हणजे बरोबरच असणार."

तीन हजार किलोमीटरच्या आत कानपूरहून येताना उन्नावच्या अलीकडे वरून टकटक सुरू झाली. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे निळा धूर. हेड खोलले तर व्हॉल्व्हच्या गाइड एका अंगाला झिजून लंबगोल झालेल्या. व्हॉल्व्हच्या माथ्यावर रॉकरच्या घासण्याचा रुंद पट्टा, तोही मधोमध नाही, एका कडेला. आठही व्हॉल्व्हवर त्याच बाजूला. एकावर असता तर मी सुट्या भागाला दोष दिला असता. आठांवर एकच खूण म्हणजे दोष बांधणाऱ्याचा.

तो मुलगा काही बोलला नाही. त्याच्या आईने नेहमीसारखा चहा दिला. दुरुस्तीचा खर्च मी केला, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की तीस-बत्तीस वर्षे जवानांना "नापो, फिर करो" शिकवणाऱ्या माणसाने स्वतः माप न घेता हिशेब तोंडी केला होता.

माझा हिशेब कुठे चुकला

हे नीट समजून घ्या, आजच्या भागाचा गाभा इथेच आहे.

रॉकरला दोन बाजू आहेत. एक व्हॉल्व्हची, एक पुशरॉडची. अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी यांच्यासारख्या इंजिनांत सगळे रॉकर एका शाफ्टवर बसतात आणि तो शाफ्ट ब्रॅकेटने हेडवर घट्ट असतो. व्हॉल्व्हही हेडमध्येच. आता हेडचा खालचा फेस काढला तर शाफ्ट आणि व्हॉल्व्हचा माथा यांच्यातले अंतर बदलते का? मुळीच नाही. दोघेही एकाच घरात राहतात, घरच दीड मिलिमीटर खाली सरकले. बदलले ते फक्त घर आणि तळमजला यांच्यातले अंतर. म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूला काहीही बिघडलेले नव्हते. बिघडली होती पुशरॉडची बाजू.

मी पट्ट्या घालून शाफ्ट वर उचलला आणि जी बाजू शाबूत होती तीच बिघडवली. आजारी एकाला, औषध दुसऱ्याला.

म्हणून नियम लिहून घ्या. व्हॉल्व्हच्या बाजूची भूमिती शाफ्टच्या उंचीने सुधारायची. पुशरॉडच्या बाजूचा फरक पुशरॉडच्या लांबीने सुधारायचा. आधी पहिली बाजू, मग दुसरी. क्रम उलटा केला तर काम दोनदा करावे लागते.

एक सावधगिरी. अमेरिकन व्ही-८ इंजिनांचे व्हिडिओ पाहून बरेच जण शिकतात. त्यातल्या अनेक इंजिनांत प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो आणि त्याची उंची नट फिरवून ठरते. तिथे पुशरॉडची लांबी बदलली की रॉकर वर-खाली होतो आणि व्हॉल्व्हच्या बाजूची भूमितीसुद्धा बदलते. तिथे एका पुशरॉडने दोन्ही बाजू ठरतात. शाफ्टवाल्या इंजिनात तसे नाही. दोन्हीकडचे नियम मिसळू नका.

व्हॉल्व्हची बाजू : अर्ध्या लिफ्टला काटकोन

रॉकर गोल फिरतो, व्हॉल्व्ह सरळ खाली जातो. त्यामुळे रॉकरचा पॅड व्हॉल्व्हच्या माथ्यावर थोडा तरी घासणारच. हे घासणे कमीत कमी करायचे तर नियम असा : व्हॉल्व्ह निम्मा उघडलेला असताना, रॉकर शाफ्टच्या मध्यापासून पॅड जिथे टेकतो तिथपर्यंत ओढलेली रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याला काटकोनात असावी.

दाराचा विचार करा. पूर्ण बंद ते पूर्ण उघडे या प्रवासाच्या मधोमध काटकोन ठेवला की रॉकर बंद असताना जेवढा वर झुकलेला असतो तेवढाच पूर्ण उघडल्यावर खाली झुकतो. पॅड थोडा बाहेर सरकतो आणि तेवढाच परत आत येतो. पट्टा अरुंद पडतो. शाफ्ट जास्त उंच असेल तर काटकोन आधीच होऊन जातो आणि उरलेला सगळा वेळ पॅड व्हॉल्व्हच्या माथ्यावरून शाफ्टच्या दिशेने ओढत राहतो. व्हॉल्व्ह त्या ओढीने गाइडच्या भिंतीवर रेलतो. माझ्या इंजिनात नेमके हेच झाले, आणि ताठ स्प्रिंगांनी त्यात भर घातली.

तपासायची पद्धत. तपासणीपुरत्या मूळ स्प्रिंगा काढून हलक्या स्प्रिंगा घाला, हाताने दाबता येतील अशा. डायल गेज व्हॉल्व्हच्या रिटेनरवर उभा धरा, अगदी व्हॉल्व्हच्या रेषेत, तिरका नको. क्रँक फिरवून पूर्ण लिफ्ट मोजा. समजा ९ मिलिमीटर आली, तर ४.५ वर थांबा आणि काटकोन पाहा. मी पत्र्याचा छोटा काटकोन कापून ठेवला आहे, तो दांड्याला लावतो. मग दुसरी खात्री : व्हॉल्व्हच्या माथ्यावर मार्कर पेनची शाई लावा, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवा आणि शाई कुठे पुसली ते बघा. पट्टा अरुंद हवा. अरुंद असून मध्यापासून किंचित बाजूला असेल तर चालेल. मध्यावर असून रुंद असेल तर चालणार नाही. बरेच जण फक्त मध्य बघतात आणि फसतात.

रॉकरचा पॅड झिजून त्यात खड्डा पडला असेल तर ही तपासणी खोटी पडते. फीलर गेजसुद्धा त्या खड्ड्यावरून पुलासारखा जातो आणि क्लिअरन्स कमी दाखवतो. आधी पॅड ग्राइंड करून घ्या किंवा रॉकर बदला.

मग ब्रॅकेटखाली पट्टी कधी घालायची? व्हॉल्व्हचे माथे वर आले असतील तेव्हा. सीट खोल कापल्या गेल्या की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो आणि त्याचा माथा वर निघतो. आमच्या हेडमध्ये तो सरासरी ०.३ मिलिमीटर वर आला होता. म्हणजे हवी होती ०.३ ची पट्टी, मी घातली १.५ ची. आणि ज्या ब्रॅकेटमधून तेल वर येते त्याच्या पट्टीला तेलाचे भोक पाडायला विसरू नका. भोक नसले तर रॉकर शाफ्ट कोरडा पडेल आणि मग भूमितीचा प्रश्नच उरणार नाही.

कागदावरचा हिशेब

माप घेण्याआधी कागदावर अंदाज काढा. अंदाज हा मापाचा पर्याय नाही, पण माप चुकले तर ओरडून सांगणारा संत्री आहे. अधिक म्हणजे पुशरॉड लांब हवा, वजा म्हणजे आखूड.

हेडमधून काढलेले १.५ मिलिमीटर : वजा १.५. ब्लॉकच्या माथ्यावरून काढलेले ०.२ : वजा ०.२.

कॅमशाफ्ट पुन्हा ग्राइंड करताना लिफ्ट वाढवायची तर धातू वर चढवता येत नाही, खालचे वर्तुळच लहान करावे लागते. आमच्या कॅमची त्रिज्या ०.६ ने कमी झाली, म्हणजे टॅपेट ०.६ खाली बसला : अधिक ०.६.

गॅस्केट जुन्याच जाडीची : शून्य. जाड घातली असती तर जेवढी जास्त जाडी तेवढे अधिक.

व्हॉल्व्हचे माथे ०.३ वर आले आणि शाफ्टही ०.३ ने उचलला. दोन्ही बरोबर उचलल्यामुळे पूर्ण रॉकर ०.३ वर गेला : अधिक ०.३.

बेरीज केली तर वजा ०.८. म्हणजे मूळ लांबीपेक्षा सुमारे ०.८ मिलिमीटर आखूड पुशरॉड हवा.

इथे एक बारकावा. शाफ्ट न उचलता नुसता व्हॉल्व्हचा माथा ०.३ वर आला असता तर पुशरॉडच्या बाजूला फरक पूर्ण ०.३ पडला नसता. रॉकरची व्हॉल्व्हकडची बाजू लांब असते. या इंजिनात प्रमाण सुमारे १.४. म्हणून फरक ०.३ भागिले १.४, म्हणजे ०.२ च्या आसपास, आणि तोही वजा, कारण सी-सॉचे एक टोक वर गेले की दुसरे खाली येते. उलट व्हॉल्व्ह जागेवर ठेवून नुसता शाफ्ट १ मिलिमीटर उचलला तर पुशरॉडकडचे टोक १ नव्हे, सुमारे १.७ मिलिमीटर वर जाते. "दीड वजा, दीड अधिक" हा माझा हिशेब गणित म्हणूनसुद्धा चुकीचा होता.

प्रत्यक्ष माप

आता हत्यार. मापण्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा पुशरॉड लागतो. बाहेर तयार मिळतो. इथे टर्नरकडून करून घ्या. एक जुना पुशरॉड मध्ये कापा, कापलेल्या टोकांना आटे पाडा, मध्ये लांब नट आणि दोन्ही बाजूंना लॉक नट. माझा लाटूश रोडवरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी अर्ध्या तासात करून दिला. त्यावर लाल रंग मारून ठेवला आहे, कारण हा फक्त हाताने इंजिन फिरवण्यासाठी आहे. हा आत ठेवून कोणी स्टार्टर मारला तर काय होईल ते सांगायला नको.

ज्यांनी जुनी बुलेट सांभाळली आहे त्यांना ही कल्पना नवीन नाही. तिच्या पुशरॉडच्या खालच्या टोकालाच अ‍ॅडजस्टर असतो आणि थंड इंजिनावर रॉड बोटाने मोकळा फिरेल पण वर-खाली हलणार नाही असा आपण सेट करतो. तिथे लांबी रोज बदलता येते. मोटारीत ती एकदाच ठरवायची असते, म्हणून नीट ठरवायची.

आता कवायत, क्रमाने.

एक. इंजिनातले सगळे भाग शेवटी जे राहणार तेच हवेत. तोच कॅम, तेच टॅपेट, तेच व्हॉल्व्ह, तेच रॉकर, ठरलेल्या जाडीची पट्टी. यातले काहीही नंतर बदलले तर माप रद्द.

दोन. गॅस्केट त्याच प्रकारची पण एकदा दाबली गेलेली वापरा. नवीन गॅस्केट मापात वाया घालवू नका. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने पूर्ण टॉर्कवर कसा. हाताने कसून घेतलेले माप हे माप नव्हे.

तीन. जो व्हॉल्व्ह मापायचा त्याचा टॅपेट कॅमच्या सपाट बाजूवर, म्हणजे खालच्या वर्तुळावर हवा. चार सिलिंडरच्या या इंजिनात आठ व्हॉल्व्ह. सोपी युक्ती म्हणजे नऊचा नियम. पुढून मोजून पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा मापा, दुसरा उघडा असेल तेव्हा सातवा, तिसरा तेव्हा सहावा. बेरीज नेहमी नऊ.

चार. रॉकरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू त्याच्या पल्ल्याच्या मध्याजवळ आणा. रॉकरच्या खाली दोन-तीन आटे दिसतील एवढा. हे महत्त्वाचे आहे. स्क्रू फार वर गेला तर पुढे सीट बसत गेल्यावर क्लिअरन्स वाढवायला जागा उरत नाही. फार खाली लोंबत राहिला तर तो वाकवणारा जोर सोसत राहतो. आणि ज्या रॉकरमध्ये स्क्रूच्या आतून तेलाची वाट असते तिथे स्क्रू भलत्या जागी गेला की ती वाट बंद होऊ शकते.

पाच. लाल पुशरॉड आत सोडा. खालचा गोळा टॅपेटमध्ये बसला ना, हे बोटाने डोलवून खात्री करा. या इंजिनाला बाजूला टॅपेट कव्हर असतात, ते उघडे ठेवलेत तर डोळ्यांनी दिसते. आता व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्लिअरन्सचा फीलर ठेवा. बी-सिरीज कुटुंबात तो साधारण १५ ते १७ थाऊ असतो, पण तुमच्या कॅम ग्राइंड करणाऱ्याने वेगळा सांगितला असेल तर तो घ्या. लांब नट फिरवत पुशरॉड वाढवा. फीलर हलकेच घासत निघू लागला की थांबा आणि लॉक नट कसा. कसल्यावर फीलर पुन्हा घाला. लॉक नट कसताना माप हमखास हलते.

सहा. पुशरॉड बाहेर काढून मोजा. इथे बहुतेक जण चुकतात. पुशरॉडच्या वरच्या टोकाला वाटी असते. व्हर्नियर लावला की तो वाटीच्या काठाला लागतो, पण काम करतो वाटीचा तळ. दोन वेगळ्या कारखान्यांच्या पुशरॉडच्या वाट्या कमी-जास्त खोल असतात, त्यामुळे काठापासूनची लांबी सारखी असूनही काम वेगळे होते. उपाय सोपा आहे. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच्या गोळ्याएवढ्या व्यासाचा बेअरिंगचा छर्रा वाटीत ठेवा, छर्ऱ्यासकट लांबी मोजा आणि छर्ऱ्याचा व्यास वजा करा. मूळ पुशरॉडही याच पद्धतीने मोजा. मगच तुलना खरी. इथे सुताची भाषा सोडा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची धरा.

सात. आठही व्हॉल्व्ह मापा. एकाचे माप घेऊन आठांची ऑर्डर देऊ नका.

आमची मापे मूळ लांबीपेक्षा ०.७५ ते १.०५ मिलिमीटर आखूड आली, सरासरी ०.९. कागदावर ०.८ होते. ०.१ चा फरक हा टॅपेटची झीज, सीटच्या खोलीतला कमी-जास्तपणा अशा बारीकसारीक गोष्टींचा. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले म्हणून माझा विश्वास बसला. आठातला कमी-जास्त फरक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आरामात सांभाळतो. एखाद्या व्हॉल्व्हचे माप इतरांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फटकून असेल तर वेगळा पुशरॉड मागवू नका. त्या व्हॉल्व्हची सीट किंवा माथा तपासा, दुखणे तिथे असते.

पुशरॉड आणायचे कुठून

०.९ मिलिमीटर आखूड आठ पुशरॉड करून घेतले. चांगल्या सीमलेस ट्यूबचे, टोके कडक केलेली, बसवण्याआधी प्रत्येक रॉड सपाट काचेवर लोळवून सरळ आहे का ते बघितलेला. जुनेच पुशरॉड कापून मध्ये वेल्डिंग करून देतो असे सांगणारे भेटतील. नको. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा गुण जातो आणि रॉड कधी वाकेल ते सांगता येत नाही. टोक घासून आखूड करणेही नको, कारण कडक थर वरवरचाच असतो. तो गेला की टोक मेणासारखे झिजते.

स्टार्टर मारण्याआधी चार तपासण्या

खरे पुशरॉड आणि खऱ्या स्प्रिंगा घालून इंजिन पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. अडले तर जोर लावू नका, कारण शोधा.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि रिटेनर गाइडच्या माथ्यावर आदळत नाही ना, ते पाहा. पुशरॉड हेडच्या भोकांत कुठे घासतो का, ते टॉर्च लावून पाहा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मुलांच्या खेळातली माती पिस्टनवर थापून, हेड कसून, फेरे फिरवून आणि मग ती माती कापून मोजा. इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात. या इंजिनात हेड बरेच उतरवून जास्त लिफ्टचा कॅम घातला तर व्हॉल्व्हची कड ब्लॉकच्या काठाला लागण्याचीही शक्यता असते, तिथेही थोडी माती लावा.

आणि एक. पद्मिनीवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ते लोखंडी ब्लॉकपेक्षा जास्त फुगते आणि क्लिअरन्स बदलतो. अ‍ॅम्बॅसेडरचे आकडे तिकडे लावू नका.

शेवटी

दुसऱ्यांदा बांधलेल्या इंजिनाला पाचशे किलोमीटरनंतर मी कव्हर काढून आठही व्हॉल्व्हचे माथे पाहिले. मधोमध अरुंद चकचकीत पट्टा, आठांवर सारखा. क्लिअरन्स जिथे ठेवला होता तिथेच. त्यानंतर तो मुलगा आईला शेजारी बसवून गाडी सातारला घेऊन गेला आणि परतही आला. धूर नाही, आवाज नाही. आल्यावर त्याने मला एवढेच विचारले, "सर, आता मला शिकवाल? पुढच्या वेळी माप मी घेईन." या मालिकेचा हा भाग खरे तर त्याच्यासाठीच तयार केला.

थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्हची बाजू शाफ्टच्या उंचीने, पुशरॉडची बाजू पुशरॉडच्या लांबीने. आधी कागद, मग माप. मापताना वाटीचा तळ, काठ नव्हे. आठही मापा. आणि कोणी म्हणाले, "तुम्ही बांधलंय म्हणजे बरोबरच असणार," तर आनंद माना, पण टोपी घालण्याआधी कव्हर उघडून एकदा बघा.

पुढच्या भागात कॅमशाफ्टचे टायमिंग डिग्री चकतीने कसे बसवायचे ते पाहू. तोवर फीलर गेज पुसून तेल लावून ठेवा.

जय हिंद.